पाहुण्याचं पाणी

आमचे केमिस्टसाहेब कँटीनचा चहा ब्रिक्सच्या नळीनं तपासायचे. ब्रिक्सची नळी म्हणजे उसाच्या रसात साखर किती ते बघायचं काचेचं साधन. बुडाशी जड, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. रस जितका दाट तितकी ती वर तरंगते. साहेब किटलीतला चहा उंच काचपात्रात ओतायचे, नळी सोडायचे, वाकून डोळा पातळीला आणायचे आणि कँटीनवाल्याला सांगायचे, "काल बारा होता. आज चौदा झाला." स्वतः मात्र बिनसाखरेचा प्यायचे. कँटीनवाला एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, तुमी पिता फिका, मग आमच्या चौदाशी तुमाला काय करायचंय?"

"काही नाही. पण चौदा आहे, हे तुम्हाला माहीत असावं."

असा माणूस. पाठीमागं आम्ही सरळ येडं म्हणायचो. सहकारी साखर कारखान्याची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात आणि मी त्यांच्या हाताखालचा सहायक. त्यांनी वाचायचं, मी लिहायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. सगळ्यांना अहो-जाहो. कुत्र्याला हाकलतानाही "अहो, व्हा बाजूला." जिभेवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. कुणी म्हणालं रस गोड आहे, तर म्हणायचे, "जीभ खोटं बोलते. नळी बोलत नाही." एकदा सभेच्या तोंडावर चेअरमनचा माणूस आला. म्हणाला, उसाचा उतारा जरा वर दाखवा, सभासद खूश होतेत. साहेबांनी पेन्सिल त्याच्या हातात दिली. "तुम्हीच लिहा. खाली सही मात्र तुमची." तो गेला तो पुन्हा आमच्या पायऱ्या चढला नाही. मला त्या दिवशी लई भारी वाटलं होतं, जणू मीच त्याला परतवला.

लग्न केलेलं नव्हतं. विचारलं की "राहून गेलं" म्हणायचे, बस जावी तसं. चौसाळ्याला थोरली बहीण होती, तिनं दुसऱ्याच्या शेतात खुरपून यांना बी.एस्सी. केलेलं. त्यांच्या गावात त्यांच्या आईला विहिरीला हात लावता येत नव्हता. ती काठापासून दूर बसून राहायची, कुणी शेंदून वरून घागरीत ओतील म्हणून. दुपार व्हायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही काचपात्र धुता धुता. म्हणाले, "म्हणून मी कुणाला पाणी मागत नाही. दिलं तरी घेत नाही." ते वाक्य मी मनात धरलं, आणि चुकीच्या जागी वापरलं.

तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. होता नव्हता तो ऊस जनावरांच्या छावणीला गेला, बॉयलर थंड पडला. पगार थकले तशी माणसं पुण्याकडं निघून गेली. कॉलनीत दहा-बारा घरं उरली, त्यात साहेब आणि समोरच्या क्वार्टरात मी. तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, घराला एक पिंप गोडं पाणी. बाकी सगळं कारखान्याच्या बोअरवर. ते पाणी इतकं मचूळ की डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही.

अशात साहेब दाढ काढायला बीडला गेले आणि गाल सुजवून, मांडीवर पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन एस.टी.नं परत आले. पिशवीत हातभर लांबीचं, अंगठ्यापेक्षा जाड, तपकिरी काहीतरी वळवळत होतं. दवाखान्याशेजारी रंगीत माशांचं दुकान होतं. दुकानवाले चाचा पाण्याअभावी दुकान बंद करत होते, मासे वाटून टाकत होते. ही एकच वाम, सापासारखी लांब मासळी, उरली होती. "साप म्हनून कुनी नेईना साब," चाचा म्हणाले. "गोड्या पाण्याचीच हाय. तुमच्या गोदावरीतल्या वामेची मावसबहीण समजा."

कुणी नेईना, एवढ्यावर साहेबांनी नेली.

तिला ते पहिल्या दिवसापासून पाहुणे म्हणायचे. "पाहुणे आज बाहेर आले नाहीत." "पाहुण्यांनी तोंड फिरवलं." पाहुणे जेवतच नव्हते. टँकरच्या पाण्यातून साहेब आपल्या वाट्याचं काढून घालत होते, माशाचा तुकडा चिमट्यानं तोंडापुढं धरत होते, आणि पाहुणे टबाच्या तळाशी डोकं खुपसून पडून. आठवडा गेला, दुसरा गेला. साहेब म्हणाले, "आधी हे कोण आहेत ते कळलं पाहिजे. नाव माहीत नसताना पाहुणचार कसा करायचा?"

मग त्यांनी प्रयोगशाळाच मांडली. आटत चाललेल्या धरणावरून भोयाकडून एक मेलेली नदीची वाम मागवली आणि ओल्या ट्रेमध्ये दोघांना शेजारी ठेवलं. मी वहीत लिहीत होतो. नदीच्या वामेच्या पाठीवर काटे, पाहुण्यांच्या पाठीवर नाहीत. अहिर म्हणतात त्या माशाला कानाजवळ पर असतात, पाहुण्यांना तेही नाहीत. पाठीवरून शेपटीपर्यंत एकच सलग पडदा, अंगावर मोहरीएवढे पिवळे ठिपके, नाकाला पुढं दोन बारीक नळ्या. साहेबांनी चित्र काढलं, मापं घातली आणि कोकणात मासळीचं शिकवणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राला पत्र पाठवलं. उत्तर इंग्रजीत आलं. साहेबांनी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसले.

"काय म्हनतेत?"

"मोरे नावाच्या, खाऱ्या पाण्यातल्या वामेच्या जातीचे आहेत. खाडीच्या तोंडाशी चिखलात राहतात. गोड्या पाण्यात काही महिने तग धरतात म्हणून दुकानदार तसे विकतात. मग खाणं सोडतात आणि मरतात." त्यांनी पत्राची घडी घातली. "इतके दिवस मी त्यांना आपल्या वाट्याचं गोडं पाणी घालून मारत होतो."

मी मान हलवली, पण खरं सांगतो, मला पटलं नव्हतं. पत्र मला वाचता येत नव्हतं, समुद्र मी बघितलेला नव्हता. दुष्काळात एखादा जीव गोड्या पाण्यानं मरतो म्हणे! पण साहेबांपुढं बोलायची पद्धत नव्हती.

प्रयोगशाळेच्या जुन्या खिडक्यांच्या काचा काढून त्यांनी अडीच हात लांबीची टाकी जोडली. आत पी.व्ही.सी. पाइपचे तीन तुकडे टाकले, पाहुण्यांना अंग चोरून बसायला. दोन पिंपं शेजारी मांडली, एक बोअरचं, एक टँकरचं. टाकीत बोअरचं पाणी भरलं, वर खडे मीठ विरघळवलं आणि ब्रिक्सची नळी सोडली. साखर मोजायच्या नळीनं मीठ मोजणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. "दोनवर आली पाहिजे," ते म्हणाले. दोनवर आली. उन्हानं पाणी उडालं की खारटपणा वाढायचा, मग टँकरच्या पाण्याचे दोन-चार तांबे घालून पुन्हा दोनवर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तीन आठवड्यांनी पाहुण्यांनी पहिला तुकडा घेतला. साहेब खुर्चीवरून उठून उभेच राहिले. मला वाटलं, भूक लागली असेल, किती दिवस उपाशी राहील बिचारं!

कॉलनीत बोंब झाली ती एका दुपारी. पाहुणे झाकणाच्या फटीतून निघाले, दाराखालून सरपटले आणि थेट शेजारच्या मावशींच्या न्हाणीपाशी पोचले. मावशींचा नवरा साखर शिजवायच्या पॅनवर होता, तो पुण्याला गेलेला. मावशी एकट्या आणि गळा ताशासारखा. "साप! साप! धावा वं!" आम्ही काठ्या घेऊन धावलो. साहेब आमच्या आधी पोचले. हातात ओलं बारदान. ते त्या जिवावर टाकून सरळ त्याच्यावर पालथे झाले, धुळीत, पांढऱ्या सदऱ्यासकट. "मारू नका. पाहुणे आहेत."

"पाव्हणे?" मावशी म्हणाल्या. "माणसाला प्यायला न्हाई अन् यांच्या सापाला पोहायला! मरंना का तो!"

हे वाक्य टँकरभोवती फिरलं. चार दिवसांनी कॉलनीतली सगळी माणसं साहेबांच्या दारात उभी. गोडं पाणी जनावराला घालतात, वरपर्यंत कळवू, क्वार्टर सोडावं लागेल. साहेब आत गेले, टाकीतून पेला भरून आणला आणि पुढच्या माणसापुढं धरला. "प्या."

त्यानं घोट घेतला आणि थुंकला. "आरं थू! हे काय पाणी हाय बे!" मग एकेकानं चव घेतली. मीही घेतली. माणसं हसली, मान खाली घालून गेली. मावशींनी संध्याकाळी भाकरी-ठेचा पाठवला. प्रकरण तिथं मिटलं. माझ्या मात्र जिभेवर ती चव राहिली. असलं पाणी मी बैलापुढं ठेवलं नसतं. मी त्यांना म्हणालो, "साहेब, माझ्या पिंपातलं रोज घागरभर घ्या. पाव्हण्यासाठी घ्या." ते म्हणाले, "नको. त्यांना हेच लागतं." मला त्यात त्यांची आई दिसली, ती विहीर दिसली. वाटलं, लोकांचं पाणी नको म्हणून हा माणूस मुक्या जिवाला खारट पाजतो आणि वर शास्त्र सांगतो. केवढा शहाणा मी!

मे महिन्यात पहाटे चौसाळ्याहून फोन आला, बहीण गेली. साहेबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. पण त्या अवस्थेतही त्यांनी टाकीचं पाऊण पाणी बदललं, कारण तो दिवस पाणी बदलायचा होता. नळी घालून बघायला वेळ राहिला नाही, एस.टी. दारात होती. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुकडा टाकत जा. पाण्याला हात लावू नका."

पहिल्या दिवशी पाहुण्यांनी तुकडा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी ऊन असं की पत्रा वाजत होता. टाकीचं पाणी चार बोटं खाली गेलेलं. मी खुर्ची ओढून समोर बसलो. पाहुणे पाइपातून डोकं काढून तोंड उघडत होते, मिटत होते, उघडत होते, मिटत होते. ते तसंच श्वास घेतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की समोर एक जीव तहानेनं आ करतोय आणि माझ्या घरात पिंप भरलेलं आहे.

टँकर त्याच सकाळी आला होता. साहेबांची दोन्ही पिंपं मीच काठोकाठ भरली होती. त्यांच्या पिंपाला मी हात लावला नाही, माझ्या पिंपातल्या सहा घागरी नेल्या. रबरी नळीनं टाकीतलं खारं पाणी काढलं, दाराबाहेरच्या लिंबाला घातलं आणि गोडं ओतलं. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, पण तेच पाणी माझी पोरं पीत होती. पाहुणे पाइपातून बाहेर आले. असे फिरले, असे फिरले, अख्खी टाकी घुसळून काढली. मी एकटाच हसलो. मला वाटलं, खूश झाला.

बायकोनं विचारलं, पिंप अर्धं कसं? म्हटलं, टँकरवाल्यानंच कमी दिलं. तिनं चार शिव्या त्याला दिल्या आणि आम्ही ते तीन दिवस बोअरच्या पाण्यावर काढले. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट अंगात पुण्य केल्याचं बळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांढरट पडले होते. अंगावर शेंबडासारखा थर, पोट वर. दुपारपर्यंत तोंड उघडायचं थांबलं.

साहेब पाचव्या दिवशी आले, डोकं भादरलेलं. बाकी भावकीत कुणी नव्हतं, सगळं त्यांनीच केलं होतं. टाकीपाशी गेले. मग सवयीनं नळी पाण्यात सोडली आणि वाकले. नळी खाली खाली गेली. "एकसुद्धा नाही," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

मग माझ्याकडं वळले. "तुम्ही पाण्याला हात लावलात?"

आवाजात राग नव्हता. हिशेब जुळवायला जेवढं लागतं तेवढंच विचारलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "न्हाई साहेब."

का निघालं? आजवर शंभरदा विचारलंय स्वतःला. त्या माणसाची बहीण गेली होती, समोर तो जीव मेलेला, आणि मी त्याच्या आईच्या विहिरीचा विचार करून हे केलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? उद्या सांगू म्हटलं. शिवाय भीती. नुसती भीती, दुसरं काय!

त्यांनी मान डोलावली. एकदा मी प्रयोगशाळेतलं महागाचं साधन फोडलं होतं आणि आपणहून जाऊन कबूल केलं होतं. तेव्हापासून माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. नळीनंतर मीच. ते दोन्ही पिंपांकडं बघत राहिले. "मग मीच," ते म्हणाले. "पहाटे घाईत गोड्या पिंपात तांब्या घातला असणार, मीठही राहिलं असणार. शेजारी शेजारी आहेत. हात चुकला."

"साहेब, त्या दिवशी तुमी..."

"दुःख होतं म्हणून आकडा बदलत नाही. बघायला हवं होतं. बघितलं नाही."

पाहुण्यांना लिंबाखाली पुरलं. मावशी आल्या, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी मर म्हनलं वो त्याला. माझंच तोंड काळं." साहेबांनी त्यांना समजावलं की मावशी, तुमच्या बोलण्यानं कुणी मरत नाही, माझ्या हातानं झालं. मी शेजारी खोरं धरून उभा. मावशी पापाची कबुली देतात, साहेब देतात, आणि ज्याचं पाप तो माती लोटतो.

त्या साली पाऊस झाला. पुढच्या हंगामाला बॉयलर पेटला, माणसं पुण्याहून परत आली. पहिल्या दिवशी रसाचा नमुना आला. साहेबांनी नळी सोडली, वाकले, वाचलं. मी लिहायला वही उघडली. त्यांनी नळी पुसून पुन्हा सोडली, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सोडली. मग बाजूला सरकले. "तुम्ही वाचा."

"साहेब, तुमी वाचलं की."

"माझं खरं नाही आता."

मी वाचलं. त्यांनी लिहून घेतलं. महिनाभर असंच. बाहेर घाण्याला ऊस लागलेला, गाड्यांची रांग, सगळं पूर्ववत, आणि आत हा माणूस प्रत्येक आकडा मला विचारायचा. कँटीनचा चहा तपासणं बंद झालं. कँटीनवाला स्वतः किटली घेऊन आला, "साहेब, आज बगा की किती हाय." साहेब म्हणाले, "असेल तेवढा असेल." कँटीनवाल्याचे डोळे भरले. रोज सकाळी मी ठरवून यायचो की आज सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. आज सांगतो, जेवण झाल्यावर सांगतो, हंगाम संपल्यावर सांगतो. जितके दिवस जात होते तितकं ते वाक्य जड होत होतं.

हंगाम अर्ध्यावर असताना त्यांनी राजीनामा दिला. चेअरमननं गाडी पाठवली, हातापाया पडले लोक. साहेब एवढंच म्हणाले, "ज्याला घरच्या टाकीतलं पाणी कळलं नाही, त्याच्यावर शेतकऱ्यांचा ऊस सोपवू नये." आणि माझ्याकडं हात केला. "हे आहेत." अशी मला त्यांची खुर्ची मिळाली. बायकोनं पेढे वाटले.

सहा वर्षांनी मी चौसाळ्याला गेलतो. सांगायचंच म्हणून. बहिणीच्या दोन खोल्यांत ते भाचीजवळ राहत होते. वाळले होते, पण मला बघून तोंडभर हसले. भाचीनं स्वयंपाकघरातून विचारलं, मामा, आमटीत मीठ बरोबर हाय का बघता का? ते म्हणाले, "मला काय विचारता, तुम्हीच बघा." मग माझी ओळख करून दिली. "हे आमच्या प्रयोगशाळेचे. फार खरा माणूस. हे न्हाई म्हणाले की न्हाई."

तिनं पाणी आणून ठेवलं. मी पेला उचलला नाही. बोलायला तोंड उघडलं, आणि ते वाट बघत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "इतक्या लांब आलात. काही सांगायचं होतं का?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो.

आणि त्यांनी ते खरं मानलं.